बॅजवरची पावडर

भावजींचा आकडा सगळ्या खाणीत वरचढ आला, तेव्हा सुरक्षा साहेबांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

युरेनियमच्या खाणीत उतरणारा प्रत्येक जण छातीवर बॅज लावतो. किरणं काही दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो. अंगावर किती पडली, ते बॅजच्या आतली पातळ चकती लक्षात ठेवते. तिमाही संपली की बॅज माझ्या खिडकीत जमा होतात. चकत्या शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर वाचून होतात आणि पुन्हा माझ्याकडे येतात.

"तुमच्या दिरानं बॅज खनिजाच्या ढिगावर ठेवला असणार," साहेब म्हणाले. "जमिनीवरचं काम हवं असेल. बाई, तुम्ही एवढ्या नेमधर्माच्या, आणि घरात हे असले उद्योग?"

मी मान खाली घातली. पण मनाला ते पटेना. माझ्या धाकट्या दिरांना वरचं काम नकोच होतं. वर आलं की भुयाराचा भत्ता जातो, आणि त्यांच्या पदरी तान्हं मूल. त्यांच्या जोडीदाराचा आकडा मागे थोडा चढला, तर त्याला उचलून वर झाडलोटीला लावलं होतं. तेव्हापासून भावजी त्या बॅजकडे सापाकडे पाहावं तसं पाहायचे. असा माणूस आपणहून आकडा चढवेल?

सरकारी तपासणी खात्याच्या बाई सकाळपासूनच येऊन बसल्या होत्या. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"त्याच्या टोळीतल्या बाकीच्यांचे आकडे तर अगदी साधे आहेत. मग याचा एकट्याचा चढला, की बाकीच्यांचे कुणी उतरवलेत?"

"मला नाही सांगता येणार, बाई."

"बॅज हाताळता तुम्ही. आणि तो तुमचा दीर." त्या हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "जेवणानंतर त्याला बोलावलंय. तुम्हीही या."

मी खिडकीशी परत आले आणि भावजींचा बॅज हातात घेतला. वरचा डबा खाणीच्या धुळीनं काळा झाला होता. चकती ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असते, ती मात्र स्वच्छ होती. कडेला पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं, म्हणून नाकाशी नेलं. बाळाची पावडर! आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ दरवळते तीच. भुयारात कोण कुणाला पावडर लावणार?

भावजींना चौकशी होईपर्यंत खाली उतरायला मनाई होती. ते कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. शेजारी त्यांच्याच टोळीतला ड्रिलवाला.

"काय हो, वहिनी आल्या," ड्रिलवाला म्हणाला. "आता ह्याच्या तेजात आम्हाला बॅटरी लागायची नाही खाली!"

"तू गप रे," भावजी म्हणाले.

ड्रिलवाला हसत उठून गेला. मी हळू आवाजात विचारलं, "भावजी, बॅज कुठे होता?"

"छातीवर. अजून कुठे असणार?"

"डबा होता छातीवर. चकती कुठे होती?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला त्या बाईनं पाठवलं ना?"

"मला कुणी नाही पाठवलं."

"मग मला काही माहीत नाही," म्हणाले, आणि बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत बसले.

जेवणाच्या सुट्टीत मी किरणं मोजायचं मीटर सोबत घेऊन घरी गेले. तसं करायला परवानगी लागते. मी मागितली नाही. मागितली असती तर साहेबांनी का म्हणून विचारलं असतं, आणि मला खोटं बोलवत नाही.

जाऊबाई नव्या खोलीत बाळाला झोपवत होत्या. हातातलं यंत्र पाहताच त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, घरी आलात की ऑफिसातून आलात?"

"भावजी कामावर जाताना चकती कुठे ठेवून जातात?"

"कसली चकती?" म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची नजर भिंतीवरच्या कोनाड्याकडे गेली. पावडरचा डबा तिथेच होता. त्याच्यामागे भिंतीत खिळा, चकतीची पिशवी अडकवण्यापुरता.

"सांगा ना. मी परकी आहे का?"

"ते म्हणाले, घराइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली? चकती इथे राहील, आकडा खाली राहील, कुणी वर बोलावणार नाही." त्यांचा आवाज चढला. "कुणाचं काय चोरलंय त्यांनी?"

मी मीटर सुरू केलं. स्वयंपाकघरात ते अधूनमधून टिक करत होतं, अंगणातही तसंच. नव्या खोलीचा उंबरठा ओलांडला आणि टिकटिक वाढली. भिंतीजवळ नेलं, तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. मला वाटलं यंत्र बिघडलं. बाहेर नेलं, शांत. पुन्हा आत आणलं, पुन्हा तडतड.

ही खोली सासऱ्यांनी शेवटच्या आजारपणाआधी हौसेनं बांधली होती. गिलाव्याला वाळू आणली ती खाणीच्या तळ्याकाठची, खनिज धुऊन उरलेली; युरेनियम काढून घेतलं तरी किरणं तिच्यात उरतातच. पिठासारखी बारीक आणि फुकट. तेव्हा तळ्याचं फाटक उघडंच असायचं, अख्ख्या गल्लीनं गाड्या भरून नेली. "चाळायचीसुद्धा गरज नाही," सासरे ज्याला त्याला सांगायचे.

जाऊबाईंनी पाळणा थांबवला. पाळण्यातलं बाळ उचललं, दुपट्यासकट, आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"किती दिवसांचं आहे हे?" त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं.

"भिंत झाली तेव्हापासून."

"आणि तुम्ही रोज ती यंत्रं हाताळता!"

घराकडे यंत्र न्यावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

खाणीच्या मुख्य फाटकाशी भावजी मला भेटले. सगळं ऐकून ते खाली बसले. मग म्हणाले, "वहिनी, मी सांगतो की बॅज खनिजात पडला. समज देऊन सोडतील. भिंत आपली आपण गुपचूप तोडू. तुम्ही फक्त गप्प बसा. खरं सांगितलं तर खाणीतून कायमचा बाहेर जाईन मी."

"आणि शेजारच्या भिंती?"

"त्यांचं ते बघतील."

"त्यांना कोण सांगणार आहे?"

त्यांनी उठून कपड्यांवरची धूळ झटकली.

"मला विचारलं तर मी आहे ते सांगेन, भावजी. पण तुम्ही आधी बोललात तर बरं."

"तुमचं पुण्य, माझी नोकरी," ते कडवटपणे म्हणाले आणि पुढे चालू लागले.

साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता. भावजी बसायच्या आतच साहेब म्हणाले, "हे बघा, बॅज खनिजात पडला असेल. होतं असं. समज देऊ आणि विषय संपवू."

सकाळी हाच माणूस ढिगावर ठेवला म्हणत होता. मघाशी भावजींनी मला सांगितलेलं खोटं आता त्यांच्या तोंडून आयतं आलं, तेही इतक्या मायेनं, की मला वाटलं, यांनाही काहीतरी झाकायचंय. भावजींनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पडला नाही," ते म्हणाले. "चकती घरी होती. माझ्या मुलीच्या पाळण्याशेजारी."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही खाली किती घेतलंत, ते कुणालाच माहीत नाही," खात्याच्या बाई म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा."

"नाही."

"ती वाळू आम्ही केव्हाच बंद केलीय," साहेब घाईनं म्हणाले. "फाटकाला कुलूप आहे."

"कशासाठी बंद केली?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पण प्याले नाहीत.

भावजींना त्याच दिवशी कामावरून काढलं. साहेबांना कुणी काढल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या बाई मीटर घेऊन गल्लीत आल्या, तर एकही दार उघडेना. "घरं पाडायला आलेत," कुणी म्हणे. "खाणवाल्यांचंच माणूस आहे," दुसरं कुणी. मला पाहून शेजारच्या मावशींनी खिडकी ओढून घेतली. शेवटी भावजी आले. बाईंच्या हातून मीटर घेतलं आणि मावशींच्या दाराची कडी वाजवली.

"कशाला आलास?" आतून आवाज आला. "नोकरी परत देतो म्हणालेत वाटतं?"

"नाही देणार."

"मग पैसे?"

"तेही नाही."

"मग ह्यात तुझा काय फायदा रे?"

"काहीच नाही, मावशी."

आतून पावलं दाराजवळ आली. मग कडी निघाली.

"ये. चपला काढ बाहेर."