खोटं पेज बंद करा

कुणालीचा जीव आठवडाभर थाऱ्यावर नव्हता. शहापूरजवळच्या गावातून ती इन्स्टाग्रामवर ‘गीताबाईचा मसाला’ विकायची. गीताबाई म्हणजे तिची सासू. मिरच्या डंकावर कुटायला जाण्याआधी भाजायच्या त्या तिच्याच हाताने. वर्षाच्या ऑर्डरी येणार त्या मे महिन्यात, आणि नेमकं आत्ताच कुण्या हरामखोराने त्याच नावाचं, सासूच्या त्याच फोटोचं दुसरं पेज काढलं होतं. गिऱ्हाइकं पैसे तिकडे भरत आणि शिव्या हिला घालत.

तिने तक्रार केली, पण उत्तर आलं, ‘नियमभंग आढळला नाही.’ मग नवरा दिपेश म्हणाला, "आपला वेगला दिसला पायजे." झालं! कल्याणहून झोकदार चिन्ह करून आणलं, काळ्यावर सोनेरी मिरची. सासूचा फोटो तिने पेजवरून काढून टाकला आणि तिथे हे चिन्ह लावलं. तरी खोटं पेज हटेना. चुलीवर आधण उतू गेलं तरी हिची नजर फोनमध्ये.

मुरबाडला चुलत दिराची हळद होती. भर दुपारी सगळा गोतावळा मांडवात. कुणालीने लाज गुंडाळून ठेवली आणि माईकच हातात घेतला.

"आपल्या गीताबाईच्या नावाचा खोटा पेज काढलाय. शोधा आन् रिपोर्ट करा, आत्ताच!"

आपल्या माणसांना असलं काम दोनदा सांगावं लागत नाही. बेंजो थांबला. पिवळ्या हातांत दीडशे फोन निघाले. म्हाताऱ्यासुद्धा नातींना पुढ्यात बसवून बटणं दाबून घेऊ लागल्या. एवढी माणसं आपल्या पाठीशी आहेत हे बघून कुणालीचे डोळे भरून आले.

अर्ध्या तासात तिच्या फोनवर निरोप आला. अनेक तक्रारींमुळे आपलं पेज बंद करण्यात आलं आहे.

आपलं. चार वर्षांचं. खोटं मात्र जागच्या जागी होतं.

"कोनता दाबलात तुमी?" ती किंचाळलीच.

गीताबाई खुशीत पुढे आली. "तो काला, मिरचीचा! एकावर माझा फोटो, दुसऱ्यावर कोन नाय. मंग खोटा कोनता, ते काय सांगाया पायजे? मीच सगल्यांना दाखवला गो."

दिपेशने मान खाली घातली.

"आता त्या चोराचा नाव सांग," गीताबाई म्हणाली. "आपल्यातलाच हाय का कोन?"

सगळा मांडव नाव ऐकायला थांबला होता. कुणालीच्या हातात माईक अजून सुरूच होता.

"मीच, आई," ती म्हणाली. "पेजवरचा तुमचा फोटो मीच काढून टाकला."