हेडमास्तर थुंकला

मासा खातो की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. हे मी आमच्या भाऊजींना इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना माझाच जबडा दुखतो. मासा घास तोंडात घेतो, गालफडं हलवतो आणि मग हळूच, सभ्य पाहुण्यासारखा, तो बाहेर सोडून देतो. बघायचं असतं ते त्यानंतर. घास परत आला का, तळाशी पडला का, दुसऱ्या दिवशी पोट खपाटीलाच आहे का. पण भाऊजींचा धीर तोंडापर्यंतच. घास आत गेला रे गेला की ‘खाल्लं!’ म्हणून हे पिशवीला रबर लावायला मोकळे.

आमचं दुकान खाऱ्या पाण्यातल्या माशांचं. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, दुकानाचे मालक. थोरल्या जाऊबाई गल्ल्यावर बसतात आणि दिवसभरात हिशेबापलीकडे फारसं बोलत नाहीत. आमचे हे लोकांच्या घरी टँक बसवून देतात, आणि घरात वादाला तोंड फुटलं की गाडी धुवायला जातात. त्यामुळे आमची गाडी नेहमी चकचकीत. आणि मी मागच्या खोलीत, आजारी माशांच्या दवाखान्यात.

ती खोली मी हट्टाने मिळवलेली. खिडकी नाही, एक नळ, भिंतीला लावून मांडलेल्या काचेच्या टाक्या. प्रत्येक टाकीला तीन बाजूंनी काळा कागद, लपायला पाइपचे तुकडे आणि जिची तिची जाळी जिच्या तिच्या खिळ्याला. एका टाकीची जाळी दुसरीत बुडालेली मला दिसली, तर बुडवणाऱ्याची खैर नाही. मोठ्याने बोलायचं नाही, दिवा भसकन लावायचा नाही, चपला बाहेर. भाऊजी त्या खोलीला ‘देऊळ’ म्हणायचे आणि मला ‘डॉक्टरीणबाई’. दोन्हीत कौतुक नव्हतं. मिठाची आणि माशांच्या कोरड्या खाण्याची पोती बोळात पडून ओलावत होती आणि त्यांचा डोळा माझ्या खोलीवर होता.

अशात हेडमास्तर आला. हा एक मोठा एंजल मासा, निळ्या अंगावर पिवळे पट्टे. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत त्याचा टँक. कोणीही आत आलं की हा काचेपाशी येणार आणि त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळणार. दात काढायला आलेल्या पोरांनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं, आणि डॉक्टरांचा त्याच्यावर इतका जीव की ते पेशंटला तोंड उघडायला लावून बाहेर त्याला बघून यायचे.

त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, म्हणून डॉक्टरांनी त्याला आमच्याकडे आणून सोडला. भाऊजींनी त्याला तांब्याचं औषध दिलं. तिथवर सगळं बरोबर होतं, मीही तेच दिलं असतं. ठिपके गेले, बाटलीवर लिहिलेली मुदत संपली, पण हेडमास्तरने खाणं टाकलं. आता हा खात नाही म्हणजे अजून आजारी आहे, असं भाऊजींचं म्हणणं. म्हणून आणखी औषध.

“भाऊजी, औषधानेच भूक मरते,” मी म्हटलं. “ठिपके गेलेत. आता थांबवा.”

“तू मला शिकव. मी ह्या धंद्यात आलो तेव्हा तू शाळेत होतीस.”

“तेव्हा मी डबा तरी पूर्ण खात होते.”

आमचे हे गाडी धुवायला गेले.

मी कोणाला न विचारता फिल्टरमध्ये कोळसा घातला, पाणी बदललं आणि औषध काढून टाकलं. मग सुरू झाली माझी मनधरणी. गोठवलेली कोळंबी बारीक चिरून, लसणाच्या रसात बुडवून. नाही. जिवंत, वळवळणारे बारीक झिंगे. बघितलेसुद्धा नाहीत. ह्या जातीला आवडतं म्हणून एक शिंपला उघडून दगडांच्या बेचक्यात बसवला. नाक मुरडलं. वर मी टाकीवर काळं कापड टाकलं, दाराला आतून कडी लावली, कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. म्हटलं, ह्याला शांतता मिळू दे. आणि हा पाइपच्या मागे तोंड भिंतीकडे करून तरंगत राहिला. डोक्यामागचं मांस आत गेलं. असं मांस आत गेलं की उलटी गिनती सुरू झालेली असते. मला भीती वाटायला लागली, आणि मला भीती वाटली की मी जास्त भांडते.

भाऊजींनी एक दिवस सरळ सांगितलं, “रविवारी डॉक्टर येणार आहेत. तोवर मासा खायला लागला तर खोली तुझी. परत नाव काढणार नाही. नाही लागला तर सोमवारी पोती आत.”

“चालेल,” मी म्हणाले. माझ्या तोंडाला कधीच कुलूप नसतं.

रविवारी डॉक्टर आले. खोलीत भाऊजी, डॉक्टर, दारात जाऊबाई. मी कापड उचललं आणि चिमट्याने कोळंबीचा तुकडा आत धरला. हेडमास्तर वळला. डॉक्टरांकडे बघत सावकाश पुढे आला. आणि त्याने तुकडा घेतला.

“खाल्लं!” भाऊजी ओरडले. डॉक्टरांनी तर टाळ्याच वाजवल्या. भाऊजी इतके खूश झाले की माझ्याकडे वळून म्हणाले, “घे बाई, खोली तुझी. जिंकलीस.”

आणि त्याच वेळी, सगळे एकमेकांकडे बघून हसत असताना, हेडमास्तर पाइपच्या मागे गेला. तुकडा त्याच्या तोंडातून बाहेर आला आणि पाइपच्या सावलीत तळाला टेकला. माझ्याशिवाय कोणी बघितलं नाही.

खोटं कशाला सांगू, मी गप्प बसणार होते. मूग गिळले असते तर खोली माझी होती. डॉक्टर पिशवी घेऊन आनंदाने गेले असते, मासा त्यांच्याकडे चार दिवसांनी मेला असता, आणि ‘आमच्याकडे तर खात होता’ म्हणायला भाऊजी तयारच. ह्या धंद्यात असंच चालतं. जाणकार गिऱ्हाईक विकत घेण्याआधी म्हणतं, ‘खाऊन दाखवा’, आणि दुकानदार तोंडात घेतलेला घास दाखवतो. थुंकलेला कोणी दाखवत नाही. मला भाऊजींचा तो हसरा चेहरा दिसत होता आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. ह्यांच्यासारखंच मीही करायचं?

“थुंकला,” मी म्हणाले.

“काय?”

“हेडमास्तर थुंकला. तो बघा तुकडा, पाइपच्या मागे. डॉक्टर, तुम्ही ह्याला नेऊ नका. नेलात तर जाईल.”

डॉक्टर वाकले, बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मासा ठेवून ते गेले. भाऊजी दार बंद होईपर्यंत थांबले.

“खोली तुझ्या हातात आली होती. हातात!”

“घ्या खोली.”

“घेणारच. सोमवारी पोती आत.”

“पोती घाला, नाहीतर स्वतः जाऊन बसा. मासा मरू देणार नाही मी.”

सोमवारी सकाळी पोती आली. बाकीच्या टाक्या रिकाम्याच होत्या, त्या त्यांनी माळ्यावर टाकल्या. हेडमास्तरची टाकी मी कोणाला हात लावू दिली नाही. पाणी निम्मं काढलं, आमच्या ह्यांना गाडीपाशी गाठून दुसऱ्या बाजूने धरायला लावलं, आणि दुकानाच्या वर, घरात नेऊन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली. हीटर, फिल्टर, हवेची नळी, सगळं. काळा कागद उतरवताना फाटला तो फाटला. नवा लावायला माझ्याकडे वेळ नव्हता.

दुपारी भाऊजी जेवायला आले आणि दारातच थबकले.

“हे काय?”

“दवाखाना.”

“अगं, हे जेवायचं टेबल आहे!”

“खोली तुमची, भाऊजी. टेबल सगळ्यांचं आहे. माझा वाटा मी मधला घेतला.”

त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई मुकाट्याने वाढत होत्या. टाकीच्या एका बाजूला त्यांनी भाऊजींचं ताट ठेवलं, ते टेबलाच्या कडेवर जेमतेम बसत होतं. भाऊजी बसले. कोपर बाहेर लटकत होतं. फिल्टर घुरघुरत होता. त्यांना जेवताना वर बघायची सोय नव्हती, कारण वर बघितलं की हेडमास्तर.

आम्ही असेच जेवू लागलो. भाऊजी वासाची तक्रार करायचे, मग जागेची, मग हेडमास्तर घास मोजतो अशी. रोज त्याच्यासमोर शिंपला ठेवायचा आणि रोज तो तसाच काढून टाकायचा. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तो आता पाइपच्या मागे नव्हता. ताटं लागली, खुर्च्या सरकल्या, भांडण सुरू झालं की तो पुढे यायचा आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर जाऊन एकेकाला न्याहाळायचा. घर रिकामं झालं की परत मागे, भिंतीकडे तोंड.

ते बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अख्खं आयुष्य माणसांच्या गर्दीत काढलेला मासा. दार वाजतंय, पोरं रडतायत, चार माणसं काचेला नाक लावून बसलीत. त्याला मी काळं कापड घालून, कडी लावून अंधारात ठेवलं होतं. भाऊजींच्या औषधाने त्याची भूक मारली आणि माझ्या शांततेने ती परत येऊ दिली नाही. खाऱ्या पाण्यातल्या आजारी माशाला शांतता हवी, हे मी इतकं घोकलं होतं की हा मासा कोणाच्या घरचा आहे हे बघायचं राहून गेलं. भाऊजींना हे सांगायचं की नाही ह्यावर मी बराच विचार केला. नाही सांगितलं.

पण मग मी चौघांना एकदम जेवायला बसवायला लागले. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. “मासा बरा व्हायला माझं जेवण कशाला हवं?” भाऊजी म्हणाले. “तुमचं तोंड हवंय,” मी म्हटलं. “बोलत राहा. तुम्हाला जमतं ते.”

एका दुपारी भाऊजी मिठाच्या भावावरून तावातावाने बोलत होते. मी गप्पांच्या नादात शिंपला आत सोडला. हेडमास्तर भाऊजींचं सगळं ऐकून घेतल्यासारखा काचेपाशी थांबला, मग वळला, शिंपल्यापाशी गेला आणि एक लचका तोडला.

भाऊजींचं तोंड उघडलं. शब्द ओठावर आलेला मला दिसला. पण तो बाहेर पडला नाही. हातातला घास हातातच धरून ते खाली वाकले, नाक जवळजवळ काचेला टेकवून. हेडमास्तरची गालफडं हलली. कल्ले उघडले, मिटले. तो पाइपकडे गेला, तसे भाऊजी खुर्चीवरून अर्धे उठून दुसऱ्या बाजूने बघायला लागले. तळाशी काही पडलं नाही. हेडमास्तर परत शिंपल्याकडे आला आणि त्याने दुसरा लचका तोडला.

“आलं नाही बाहेर,” भाऊजी हळू आवाजात म्हणाले. “गिळलं गं.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मला त्याचा फार राग आला.

“डॉक्टरांना फोन करतो,” ते म्हणाले. “संध्याकाळी घेऊन जाऊ दे.”

“दोन घास खाऊन कोणी बरं होत नाही. त्याची मान भरून येईपर्यंत तो इथेच राहील. आणि तुम्ही रोज समोर बसायचं.”

ते काही बोलणार, तेवढ्यात जाऊबाई उठल्या. आम्हाला वाटलं वाढायला काही आणतायत. त्या जिना उतरून दुकानात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने भरलेली पिशवी होती. आत एक छोटा पिवळा मासा, शेपटी कुरतडलेली, पोट आत गेलेलं. विक्रीच्या टँकमधला. त्यांनी पिशवी भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवली.

“हा पण थुंकतो,” जाऊबाई म्हणाल्या. “कधीपासून बघतेय मी गल्ल्यावरून. बाकीचे ह्याला कोपऱ्यात दाबतात. आज सकाळी तुम्ही एका गिऱ्हाइकाला ह्याचा घास दाखवलात. तो उद्या न्यायला येणार आहे.”

“अगं, धंदा आहे—”

“मी नाही म्हणून सांगणार त्याला. गल्ल्यावर मी बसते.” एवढं बोलून त्या थांबल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. “ह्याला गर्दी चालेल का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “मार खाल्लेला आहे. ह्याला अंधार हवा, कागद हवा, कोणी नको. ह्याला खोलीच लागेल.”

“अहो,” जाऊबाई भाऊजींना म्हणाल्या, “पोती हलवा.”

“जेवण तर होऊ दे.”

“आत्ता.”

भाऊजींनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं आणि खरकट्या हातानेच उठले. पोती चांगली जड होती. मी मुद्दाम हात लावला नाही.