पिनेपुढचे पान

"हा कुठल्या भाषेतला पेपर उचलून आणलास?" पेंटरने वर्तमानपत्र दवाखान्याच्या चादरीवर टाकले. "आपला आण की."

बायकोने ते उचलले, पालथे करून पाहिले. "आपलाच आहे हो. रोजचाच."

त्याने ते पुन्हा हातात घेतले. पहिल्या पानावरचा पूर त्याला दिसत होता. पाण्यात अर्धी बुडालेली सायकल, छपरावर अंग चोरून बसलेले कुत्रे. पण चित्राखाली जिथे ओळी असायच्या तिथे नुसत्या मुंग्या होत्या. काळ्या, शिस्तीने चाललेल्या, एका शब्दानेही न बोलणाऱ्या मुंग्या.

"थट्टा करतायत का रे हे लोक?" तो शेजारच्या खाटेकडे पाहून म्हणाला. शेजारची खाट झोपलेली होती. बायकोने मात्र त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती डॉक्टरीणबाईंना शोधायला जवळजवळ धावतच गेली.

डॉक्टरीणबाई पेंटरच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कागद आणि पेन पुढे केले. "काका, काहीही लिहा. मनात येईल ते."

त्याने लिहिले. हात जरासुद्धा अडखळला नाही. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, ट्रकांच्या पाठी रंगवलेला तो हात होता. बाईंनी कागद घडीभर बाजूला ठेवला, त्याला पाणी दिले आणि मग तोच कागद त्याच्यासमोर धरला. "वाचा."

पेंटर कागदाकडे बघत राहिला. "वळण माझं आहे," तो हळूच म्हणाला. "हात माझाच आहे. पण काय लिहिलंय हे?"

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवले. कागदावर लिहिले होते, 'मला घरी जायचे आहे, पुस्तक अर्धे राहिले आहे.'

"डोळे उत्तम आहेत तुमचे," बाई म्हणाल्या. "हातही. मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली, तिनं अक्षरं ओळखायचा रस्ता तेवढा नेला."

"म्हणजे पूल पडला."

"तसंच समजा."

"मग वळसा घालून जाता येईल?"

खोटे बोलण्याची बाईंना अजून सवय झालेली नव्हती. "कधी कधी वळसा सापडतो, काका. कधी नाही सापडत."

"असेल तर शोधतो," पेंटर म्हणाला आणि त्याने उशीखालचा चष्मा उगाचच पुसायला घेतला.

*

त्या घरात वाचणारी माणसे दोन होती आणि वाचनालयाचे कार्ड एक. त्यामुळे लग्नापासून दोघे एकच पुस्तक वाचत आले होते. सकाळी कामावर निघेपर्यंत ते त्याचे असे. दुपारी लाँड्रीच्या काउंटरवर, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या शांततेत, ते तिचे असे. त्याची खूण म्हणजे रंगाचा नमुना पाहायला कापलेली पुठ्ठ्याची पट्टी. तिची खूण म्हणजे केसांची पिन. एकाच पुस्तकात दोन खुणा कधी शेजारी येत, कधी दुरावत, आणि त्या अंतरात त्यांच्या संसाराचे निम्मे सुख साठलेले होते. ग्रंथपाल म्हणायचा, "तुमच्या घरून आलेलं पुस्तक मी डोळे मिटून ओळखतो. डाव्या पानाला टर्पेंटाइनचा वास, उजव्याला इस्त्रीचा."

घरात कायदा एकच होता. जो पुढे असेल त्याने तोंड उघडायचे नाही. चेहरा भिंतीसारखा ठेवायचा. एकदा भाजी चिरता चिरता ती एकटीच हसत सुटली होती आणि ते कशाला, हे त्याला कळायला अख्खा आठवडा वाचावे लागले होते. "या घरात घटस्फोट झालाच," मुलगी म्हणायची, "तर कुणीतरी शेवट सांगितल्यामुळे होईल."

आता टेबलावर पडलेली कादंबरी एका दीपगृहाच्या राखणदाराची होती, आणि वर्षानुवर्षे त्याच्याशी अबोला धरलेल्या त्याच्या बहिणीची. पुठ्ठ्याची पट्टी मध्याच्या थोडी अलीकडे होती. पिन बरीच पुढे.

"तुझं झालं वाचून?" दवाखान्यातून आल्यावर त्याने विचारले होते.

"केव्हाच," ती म्हणाली होती. "पिन काढायची राहिलीय."

मुलगी रजा काढून आली. तिने खुर्ची ओढली, पट्टीचे पान काढले आणि मोठ्याने वाचू लागली. ती छान वाचत होती. पेंटर डोळे मिटून ऐकत राहिला. पण थोड्याच वेळात त्याने हात वर केला.

"पुरे, बाळ."

"का? आवाज बसलाय माझा?"

"नाही गं. ती राखणदाराची बहीण तुझ्यासारखी दिसायला लागलीय. ती उंच आहे. तिचा एक खांदा उतरलेला आहे."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. मी पाहिलंय."

मुलीने आईकडे पाहिले. "आई, यांना सीडी आणून देऊ का पुस्तकांची? हल्ली मिळतात."

"ऐकायला मी बहिरा नाही आणि बघायला आंधळा नाही," पेंटर म्हणाला. "मला वाचायचंय." त्याचा आवाज चढला नव्हता, तरी खोलीतली सगळी भांडी ऐकत असल्यासारखी गप्प झाली.

एकेकाळी तो पाने पीत असे. नजर ओळीवर टेकते न टेकते तोच अर्थ आत उतरलेला असे, आणि मधे अक्षरे असतात हे लक्षातही येत नसे. काचेतून बाहेर पाहणाऱ्याला काच दिसू नये, तसे. आता फक्त काच उरली होती.

*

मग ग्रंथपाल आला. दारातच घुटमळला, पायातल्या चपला दोनदा काढून दोनदा घातल्यासारख्या करत राहिला.

"बसा की," बायको म्हणाली.

"बसतो. म्हणजे... तब्येत विचारायला आलो. आणि ते पुस्तक. घाई नाही, पण त्याला मागणी आहे. ते निवृत्त स्टेशनमास्तर रोज येऊन टेबल बडवतात. म्हणतात, गाडी इतकी लेट मी जन्मात पाहिली नाही."

"माणूस मरता मरता वाचलाय आणि तुम्ही मागणीचं काय सांगताय?"

"वहिनी, मी कुठे..." ग्रंथपालाने पेंटरकडे मोर्चा वळवला. "आणखी एक होतं. आपल्या बाहेरच्या पाटीचा रंग पार उडालाय. तुमच्याशिवाय दुसऱ्याला हात लावू द्यावासा वाटत नाही. वाचायची गरज नाही हो, जुन्या अक्षरांवरून नुसता ब्रश फिरवायचा."

बायको काही बोलणार, इतक्यात पेंटर उठून कपाटातले ब्रश काढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचनालयाच्या दाराशी स्टुलावर उभा होता. ग्रंथपालाने स्टूल दोन्ही हातांनी धरले होते, जणू ते उडून जाणार होते. रंगात ब्रश बुडवण्याआधी प्रत्येक अक्षरावरून कोरडा ब्रश फिरवायचा, ही पेंटरची जुनी रीत. त्याला तो 'कोरडा हात' म्हणे. कोरड्या हाताने अक्षराचा कल कळतो, मगच ओला हात लावायचा.

वरची मोठी ओळ त्याने स्वतःच कधीकाळी रंगवली होती; ती त्याला पाठ होती. खाली मात्र एक बारीक ओळ होती, नंतर दुसऱ्याच कुणीतरी घाईत खरडलेली. तिच्यावर त्याने कोरडा ब्रश टेकवला. खाली आला, वळला, गाठ मारून वर गेला. पुढचे अक्षर. त्याच्या पुढचे. डोळ्यांना काही कळत नव्हते, पण मनगटात काहीतरी हलले. अंधारात जिना उतरताना पायाला आपसूक पायरी सापडावी, तसा त्याच्या हाताला एक शब्द सापडला.

"पाने," तो म्हणाला.

"काय?"

"थांबा, बोलू नका." ब्रश पुढे सरकला. कपाळावर घाम आला. "पाने... दुमडू... नयेत." तो स्टुलावरच मोठ्याने हसला. "पाने दुमडू नयेत! कुणी लिहिलंय हे? अक्षर भिकार आहे, पण म्हणणं रास्त आहे!"

ग्रंथपालाने स्टूल सोडून दिले आणि लगेच घाबरून पुन्हा धरले. "तुम्ही वाचलंत?"

"हातानं वाचलं." पेंटरने ब्रशाकडे पाहिले. "सापडला वळसा."

त्या दिवसापासून स्टेशनमास्तरांना सांगण्यात येऊ लागले, की पुस्तक बाइंडिंगला गेले आहे.

*

तो रोज सकाळी खिडकीशी बसे. हातात सर्वांत बारीक ब्रश, कोरडा. छापील अक्षरांवरून तो फिरे, आणि मनगटातून दंडात, दंडातून कुठल्याशा अंधाऱ्या पायवाटेने शब्द आत पोचत. एका ओळीला चहा गार होई. कधी हाताला अक्षर लागे आणि शब्द लागत नसे. कधी वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विरून जाई आणि पुन्हा पहिल्यापासून निघावे लागे. दुपारी डोके ठणके. तेव्हा तो ब्रश खाली ठेवी आणि नुसता पानावर तळवा टेकून बसे.

पण त्या संथपणात काही नवेही होते. पूर्वी तो 'समुद्र' या शब्दावरून उडी मारून पुढे जाई. आता समुद्र पार करावा लागे. 'दार' उघडायला वेळ लागे. राखणदाराने दिव्याची काच पुसली, त्या सकाळी पेंटरनेही ती पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून; आणि संध्याकाळी बायको परतली तेव्हा तो इतका प्रसन्न होता, की तिने विचारले, "आज काय झालं हो एवढं?"

"काच पुसून झाली," तो म्हणाला.

ती हसली, पण त्याच्या डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळेही तिला दिसली. रात्री तो झोपेत उशीवर बोट फिरवत असे. आणि एका दुपारी, तो डोके धरून आतल्या खोलीत पडला असताना, तिने त्या घरात कधी घडले नव्हते ते केले. पुठ्ठ्याची पट्टी उचलली आणि काही पाने पुढे सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने पान उघडले. कोरडा हात फिरू लागला. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि तो थांबला.

"माझी खूण कुणी हलवली?"

ती लाँड्रीला निघायच्या तयारीत होती. तिने पिशवी खाली ठेवली.

"काल राखणदार जिन्यावर होता," तो म्हणाला. "आज बोटीत बसलाय. पुस्तकातलं माणूस असं उडी मारत नाही. कुणी हलवली?"

"मी."

"तू?"

"तुमचं हे सगळं बघवत नव्हतं मला. त्या पानांत काही होत नाही हो. नुसता प्रवास आहे."

"मग मी प्रवास करीन."

"डोकं दुखतं तुमचं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताण नको."

"डोकं माझं आहे, दुखू दे. पण खूण..." त्याने पट्टी चिमटीत धरून तिच्यापुढे केली. "मला पान ओळखू येत नाही, आकडा कळत नाही. ती पट्टी आहे म्हणून मला माहीत असतं, मी कुठे आहे ते. तीच हलवलीस तर मी कुठे जाऊ?"

ती मग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली, पुस्तक घेतले आणि पाने मागे चाळू लागली. "जिना, जिना... नक्की कुठे होता?"

"तू नको. मी शोधतो."

त्या दिवशी लाँड्री उशिरा उघडली. तो एकेका पानाची पहिली ओळ हाताने चाचपत मागे मागे गेला, आणि ती शेजारी बसून राहिली, काही न सांगता, चेहरा भिंतीसारखा करून. शेवटी जिना सापडला. त्याने पट्टी तिथे ठेवली, वर तळवा दाबला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"जा आता. लोक कपड्यांसाठी खोळंबले असतील."

*

ऋतू पालटला. खिडकीतले ऊन टेबलाच्या दुसऱ्या कडेला गेले. त्याच्या ब्रशाचे केस झिजून आखूड झाले. जिना संपला, बोट आली, नुसता प्रवास आला आणि तो त्याने सगळा केला, एकही लाट न सोडता. आणि एका सुट्टीच्या सकाळी पट्टी पिनेच्या पानावर पोचली.

पिन काढली तर खाली कागदावर तिचा तांबूस ठसा उमटलेला होता. गंज चढेपर्यंत ती हललीच नव्हती. त्याने ठशावरून बोट फिरवले, पण त्यात वाचण्यासारखे काही असेल असे त्याला वाटले नाही. बायको पिन विसरली, एवढेच. तिथे, पानाच्या तळाशी, राखणदाराच्या दारावर थाप पडत होती.

त्याने पान उलटले. कोरडा हात पहिल्या ओळीवरून निघाला, दुसरीवर आला, तिसरीच्या मध्यावर थबकला. पुन्हा मागे जाऊन त्याने खात्री करून घेतली.

"अरेच्चा!" तो ओरडला.

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? कोण आलंय दारात?"

त्याने मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले होते, ओठ अर्धवट उघडे होते. पुढचे माहीत असलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्यात भिंत कुठेच नव्हती.

"तुझं तर केव्हाच वाचून झालंय," तो म्हणाला.

ती पदराला हात पुसू लागली. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"काउंटरवर हल्ली गर्दी असते फार," ती म्हणाली.

पेंटरने तिच्याकडे पाहिले, मग तांबूस ठशाकडे. त्याने गंजलेली पिन उचलली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि होती तिथेच, त्याच ठशावर, परत लावली. पुठ्ठ्याची पट्टी मात्र एक पान पुढे ठेवली.

"सांगू नका हं," ती घाईघाईने म्हणाली.

"कोण सांगतंय?"

त्याने चेहरा भिंतीसारखा केला. तो फार काळ टिकेना, तेव्हा त्याने मान खाली घातली आणि ब्रश हातात घेतला. ती दारातच उभी होती. खोलीत फक्त कागदावरून फिरणाऱ्या कोरड्या केसांची बारीक सळसळ होती, आणि ती मुळीच थांबत नव्हती.