पालथा गडवा

अहो, इकडे पाहा, ओसरीवर! मी बोलतोय, देऊळघाटच्या झुंबरबाईचा पितळी गडवा. तिच्या लग्नात आंदण आलो. पोटाला पोचा पडलाय, पण तोरा कायम आहे. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं, ही या घरची रीत. आणि पाणी द्यायचा मान माझा.

आशाताई संजीवनी तर मला हक्कानं उचलायची. घटाघटा पाणी प्यायची आणि मग विचारायची, "ताप हाय का? खोकला? दम लागते का?"

मग साथ आली, आणि मुक्कामच ठोकून बसली. एक वर्ष सरलं, दुसरं लागलं. ही दवाखान्यात धाडते या भीतीनं संजीवनीला पाहून लोक दारं लावायला लागले. एकानं तर तिच्यावर कुत्रं सोडलं! पाणी कुठलं विचारतात?

त्यातच झुंबरबाईच्या मालकांना, उकंडरावांना दम लागला. ते दवाखान्यात जायला तयार नव्हते. संजीवनीनं पाया पडून त्यांना गाडीत बसवलं. ते परत आलेच नाहीत.

"तुनं नेलं त्याइले! माह्या दारात पाय ठेवू नको," झुंबरबाई कडाडली, आणि मला आत नेऊन पालथा घातला. पालथ्याला दिसणार काय? नुसतं ऐकत राहिलो.

संजीवनी तरी रोज यायची. फाटकाबाहेरून विचारायची, "मावशी, ताप हाय का? खोकला?" झुंबरबाई आतून कडी घालायची. पोरीचा आवाज दिवसेंदिवस खोल चालला होता. मला धास्तीच भरली.

परवा सकाळी "मावशी, ताप..." एवढंच ऐकू आलं, आणि धप्पकन आवाज झाला. मग रडणं. "मीच मारलं वं मावशी त्याइले. डोये मिटले का तेच दिसतात. मले नाही होत आता."

ही बाई उठते की नाही? उठ ना वं माय!

आणि झुंबरबाईचा हात माझ्यावर पडला. तिनं मला भरलं, फाटक उघडलं. संजीवनी धुळीत बसली होती.

"पी आधी." ती प्यायली. निम्मं पाणी अंगावर सांडलं.

"तुनं नाही मारलं. मले कोणावर तरी राग काढाचा होता," झुंबरबाई म्हणाली. मग तिनंच विचारलं, "ताप हाय का?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"झोप येते का?"

संजीवनीनं मान हलवली. "नाही, मावशी."

"मलेई नाही."

उरलेलं पाणी झुंबरबाई प्यायली. आता मी परत ओसरीवर आहे, सुलटा, भरलेला. साथ अजून हटलेली नाही. तुमच्या दारी आशाताई आली तर पाणी द्याच. पण ती प्यायली की झोपेचंही विचारा. तिला कोणी विचारत नाही हो.