चाळिसाव्याआधीची बिस्किटं

“खिडकी उघडू नकोस,” मी म्हणाले. “वास गल्लीत जाईल.”

“जाऊ दे की, सित्ती. बिस्किटांचा वास आहे, चोरीचा नाही,” असं म्हणत बसमला खुर्चीवर चढली आणि तिने खिडकी उघडलीच.

माझी नात. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. आजीला सगळी पोरं सित्तीच म्हणतात, पण ही म्हणते तेव्हा झाडू उचलायचा हुकूम दिल्यासारखं वाटतं. जीभ आईची. विसामची.

वास सुटलाच होता. परातीत मैदा, पिठीसाखर, तूप, अंडी, कोमट दूध, संत्र्याची किसलेली साल, आणि शेवटी तो पांढरा अमोनिया, ज्याने बिस्किटं हलकी होतात. दुधात पडला की फसफसतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. मला सवय आहे. सरकारी इस्पितळात एकतीस वर्षं फरशा आणि बेडपॅन धुतलेत मी. अमोनियाने मी रडत नाही. त्या दिवशी डोळे पुसले ते त्याच्यामुळे, असं मी पोरीला सांगितलं.

“कच्चं पीठ तोंडात घालू नकोस, पोट बिघडेल.”

“माहितीये. आईने सांगितलंय.”

प्रत्येक गोष्ट आईने सांगितलेली होती. तूप आधी साखरेत फेसायचं, आईने सांगितलंय. पीठ फार मळायचं नाही, आईने सांगितलंय. मी फक्त हात होते.

विसाम, माझी सून, जाऊन सदतीस दिवस झाले होते. ईद तीन दिवसांवर. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातून पहिल्या ईदला गल्लीतल्या भट्टीत बिस्किटांचा पत्रा जात नाही. चाळिसावा व्हायच्या आत तर नाहीच नाही. शेजारीपाजारीसुद्धा आधी विचारून मग पीठ मळतात. खालच्या मजल्यावरची उम्म हिशाम, म्हणजे हिशामची आई, चार दिवसांपूर्वी येऊन उंबऱ्यात उभी राहिली होती. “उम्म रदा, तुझी परवानगी असली तरच. पोरं जीव खातायत. नाही म्हणालीस तर एक मूठ मैदा भिजवणार नाही, देवाशपथ.” मी म्हटलं, भाज बाई, पोरांनी काय घोडं मारलंय. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं डोक्यावर पत्रे घेऊन भट्टीकडे धावत होती आणि बसमला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बघत होती.

रात्री जेवताना तिने विचारलं, “ईदला सकाळी आपण आईकडे जाणार ना?”

“जाणार.”

“मग तिच्या नावाने काय वाटायचं?”

कबरस्तानात सगळेच वाटतात. खजूर, पाव, बिस्किटं. मेलेल्याच्या नावाने गरिबाच्या हातात द्यायचं. मी म्हटलं, दुकानातून आणू.

“दुकानातली? आई दुकानातली बिस्किटं कबुतरांना घालायची.”

मला नाही म्हणता आलं नाही. या पोरीला मी गेल्या सदतीस दिवसांत कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं, आणि का, ते फक्त मला माहीत होतं.

खिमा करायचं यंत्र टेबलाला आवळलं. त्याच्या तोंडाला नक्षीची चकती लावली की पिठाची चपटी, रेघारेघांची पट्टी बाहेर येते. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने पट्टी तळहातावर झेलायची आणि बोटाएवढे तुकडे कापून पत्र्यावर मांडायचे. दांडा विसामचा, झेलायचं बसमलाचं. आता दांडा माझ्याकडे आला.

“हळू! हिसके देतेस. तुटतेय बघ. आईचा हात पाण्यासारखा फिरायचा.”

“तुझी आई शिलाई मशीनवर बसायची, तिचा हात फिरणारच. मी झाडूवाली.”

ती फिसकन हसली. पुढचे चार तुकडे तिने अगदी सरळ कापले. मला वाटलं, चला, आजचा दिवस निभला. तेवढ्यात ती खालमानेनेच म्हणाली, “सित्ती, मी कंदील मागितला नसता तर आई गेली नसती ना?”

दांडा माझ्या हातात थांबला.

“कोण म्हणालं असं?”

“तू. सगळ्या बायका काळं घालून बसल्या होत्या तेव्हा. मी दाराआड होते.”

रमझानचा कंदील. सगळ्या पोरांना मिळतो तसा, रंगीत काचांचा, आत दिवा आणि गाणं. विसामने तो आधीच आणून कपाटावर लपवला होता. मी पहिल्या रोज्याला तो काढून पोरीच्या हातात दिला. तिने बटणसुद्धा दाबलं नाही, पलंगाखाली ढकलून दिला. मला वाटलं, दुःख आहे, होईल कमी. मी कसली गाढव. एकतीस वर्षं माणसांच्या खाटांखालचं काढलं आणि माझ्याच पलंगाखाली काय आहे ते मला कळलं नाही.

खरं काय झालं ते लिहिते. लपवून काय करायचंय.

त्या सकाळी विसाम स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. तोंड पांढरं, वरच्या ओठावर घाम. म्हणाली, “मामी, छातीत आवळल्यासारखं होतंय. डावा हात जड झालाय. आज नाही जात.”

आणि मी, जिने इस्पितळात छाती धरून आलेली शेकडो माणसं पाहिली, काय म्हणाले? म्हणाले, “गॅस असेल. आल्याचं पाणी पी आणि नीघ. रदा पोटात होता तेव्हा बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत मी तीन मजल्यांचे जिने पुसलेत. तुमच्या पिढीला जरा दुखलं की खाट लागते. रमझानच्या तोंडावर घरी बसलीस तर ते तुला काढतील, मग?” तिने रुमाल बांधला, चप्पल घातली. दारात म्हणाली, “बसमलाच्या डब्यात चीज ठेवलंय.” एवढंच.

कपड्यांच्या कारखान्यात दहाच्या सुमाराला ती मशीनवरच पालथी पडली. गेटाला कुलूप होतं, कुलपाची किल्ली मुकादमाकडे, मुकादम कुठेतरी चहा पीत; तिला बाहेर काढेपर्यंत उशीर झाला. त्यांना मी शिव्या घातल्या, गेटासमोर जाऊन घातल्या, अजून घालते. त्या त्यांच्या हक्काच्या आहेत. पण त्यांना शिव्या देणं सोपं होतं. माझा मुलगा रदा जॉर्डनमध्ये फरशा बसवतो, कारण आपल्या इजिप्तमध्ये त्याच्या हाताला काम नाही. तो तीन दिवसांसाठी आला. बायकांनी विचारलं, अगं बरं वाटत नव्हतं तर गेलीच कशाला? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, रदासुद्धा. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी किती सांगितलं, नको जाऊ. ऐकते कुठे. पोरीला कंदील घ्यायचा होता ना.”

इतकं सहज. थुंकल्यासारखं.

आणि त्या टेबलाशी, दांडा हातात धरून, पोर समोर विचारत असताना मी काय केलं? “वाकडं कापतेयस,” असं म्हणाले. “नीट काप.” दांडा पुन्हा फिरवला. यंत्र कुरकुरत राहिलं. तिने कापलं.

पत्रा भरल्यावर तिने काट्याने कोपऱ्यातल्या बिस्किटाला तीन भोकं पाडली. “ही आईची खूण. भट्टीत पत्रे मिसळतात.” मग वहीचा कागद फाडून त्यावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत नाव लिहिलं. माझं नाही. विसाम.

दुपारच्या नमाजानंतर पत्रा डोक्यावर घेऊन मी निघाले. भट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिठाने पांढऱ्या झालेल्या बायका, एकमेकींवर रचलेले पत्रे, आणि मधे भट्टीवाला उस्ता फिक्री लांब दांड्याची फावडी घेऊन ओरडतोय, “उम्म करीम, तुझी बिस्किटं आहेत की विटा? घर बांधतेस का?” बायका हसत होत्या. मी शिरले आणि हसू थांबलं.

फिक्रीने कागद वाचला. कोपऱ्यातली तीन भोकं पाहिली. विसामचे पत्रे त्याने आठ वर्षं भाजले होते. त्याने आमचा पत्रा रांगेतून उचलला आणि सगळ्यांच्या आधी आत सरकवला.

उम्म हिशाम होतीच. ती वाईट बाई नाही. पण तिच्या जिभेला दार नाही.

“उम्म रदा,” ती हळू म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू, “चाळीस तरी होऊ द्यायचे होतेस गं. मी तुझ्या उंबऱ्यात परवानगी मागायला आले आणि तू स्वतःच? लोक काय म्हणतील?” मग वाकून बसमलाच्या डोक्यावरून हात फिरवला. “हिचा तरी काय दोष म्हणा. लेकराला काय कळतंय. बिचारी विसाम, एका कंदिलापायी जीव दिला.”

बसमलाने माझा झगा धरला होता. तो तिने सोडला. फक्त सोडला, आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली, वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

“कंदिलापायी नाही,” मी म्हणाले.

“अं?”

“कंदील आधीच आणला होता तिने. कपाटावर होता. विसाम त्या दिवशी जाणारच नव्हती. छातीत दुखतंय म्हणाली होती, हात जड झालाय म्हणाली होती. मी पाठवली तिला. गॅस आहे म्हणाले. नाटकं करतेस असं तोंडाने म्हणाले नाही, पण तिला ते ऐकू आलं. तुम्हा सगळ्यांना मी खोटं सांगितलं. माझ्या मुलालाही. कंदिलाचं मी बनवलं.”

भट्टीत आगीचा आवाज असतो, तो कधी ऐकू येत नाही. त्या वेळी आला. फिक्री फावडी आडवी धरून उभा होता. कुणीतरी पुटपुटलं, “रोजा आहे, देवाचं नाव घ्या.” उम्म हिशामने तोंडावर हात ठेवला.

“उस्ता!” एक बाई किंचाळली. “जळतंय!”

फिक्रीने घाईने फावडी आत घातली. आमचाच पत्रा. एक बाजू काळी पडली होती, बाकीची बिस्किटं चांगली होती. त्याने कागद उचलला, घसा खाकरला, आणि बाकी सगळ्यांचं पुकारायचा तसंच पुकारलं, “विसामचा पत्रा!”

“माझा आहे,” बसमला म्हणाली.

घरी येताना मी पत्रा डोक्यावर घेतला होता आणि ती चार पावलं पुढे चालत होती. रोज माझं बोट धरते. मी हाक मारली नाही. जिन्यात मात्र ती माझ्यासाठी दार धरून उभी राहिली, पत्रा अडकू नये म्हणून.

रदाला त्याच संध्याकाळी फोन केला आणि सांगितलं. तो म्हणाला, “बसमलाला दे.” तिच्याशी तो काय बोलला मला माहीत नाही. मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

सूर्य बुडला, अजान झाली, रोजा सुटला. मी पाणी प्यायले. बसमला जमिनीवर बसून बिस्किटं लावत होती. चांगली बहुतेक, तीन भोकांचं धरून, आईच्या नावाच्या डब्यात. काही बाबासाठी कागदात. एक ताटली झाकून बाजूला ठेवली, म्हणाली, “ही खाली द्यायची, हिशामच्या आईला. तिने आपल्याला दिली होती.” मग तिने पलंगाखाली हात घातला, कंदील ओढून काढला, फ्रॉकने त्यावरची धूळ पुसली. बटण दाबलं. लाल आणि हिरवा उजेड भिंतीवर पडला. गाण्याचं बटण तिने बंद करून टाकलं.

पत्र्यावर उरली होती ती काळ्या पडलेल्या बाजूची. त्यातलं एक उचलून ती माझ्यापाशी आली.

“हे तुझं,” म्हणाली.

कडू होतं, कोळशासारखं. मी ते सगळं खाल्लं. ती समोर उभी राहून शेवटच्या घासापर्यंत बघत होती.