धावत्या मोटारीचा फोटो

"परत नुसता धूर!" न्हाणीघरात फोटो धुता धुता उपेंद्र कुरकुरला, ते बाहेर अंबूनं ऐकलं. मारुतीरावांची जुनी मोटार निपाणीच्या रस्त्यावर सुसाट सुटायची आणि नवऱ्याच्या फोटोत तिचा डाग उमटायचा.

पेटीत फोटो उमटवायची एकच काच उरली, तेव्हा अंबूनं कॅमेरा मागून घेतला. शहापुरात हातमागाशेजारी वाढलेली ती. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याबरोबर मान फिरवायची तिला सवयच. मोटार आली, तशी ती कॅमेऱ्यासकट मोटारीबरोबर वळली आणि वळता वळताच तिनं कळ दाबली.

फोटोत मारुतीरावांच्या मिशीचा केस न् केस दिसला. मागची झाडं तेवढी सुतासारखी ताणली गेली होती.

"ऊन लई झ्याक होतं," मारुतीराव म्हणाले.

"काचही चांगली निघाली," सासऱ्यांनी, आप्पांनी, दुजोरा दिला.

अंबू कॅमेरा पेटीत ठेवू लागली.

"न्हाय आप्पा," उपेंद्र म्हणाला, "फोटो हिला येतो. मला येत न्हाय."