वाकलेली वर्तुळं

मी एक जुनी पत्र्याची तबकडी आहे. पोळपाटाएवढी, खाली लाकडी मूठ, तोंडावर एकात एक काळी-पांढरी वर्तुळं आणि मधोमध एक भोक. माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असं माझ्यात फारसं काही नाही, मित्रांनो. पण एकदा जे पाहिलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

पुण्यातल्या एका कारागिराने मला रंगवलं आणि डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी विकत घेतलं. काम साधं. माणूस उजेडाकडे पाठ करून बसतो. बाई मला त्याच्या डोळ्यासमोर धरतात आणि भोकातून पाहतात. माझी वर्तुळं त्याच्या बुबुळावर आरशातल्यासारखी उमटतात. बुबुळावरचा काचेसारखा पडदा नीट घडलेला असेल तर ती गोल दिसतात, नसेल तर वाकडी.

एकोणऐंशी साली कोळवणच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर होतं. तिथे एका आजीने मला उचलून वारा घेतला. "लई जड पंखा हाय," म्हणून ठेवून दिलं. अशा गोष्टींचं मला वाईट वाटत नाही.

मग कुशाबा नावाचे शेतकरी आपल्या मुलीला, प्रभावतीला, घेऊन आले. पोर सोळा-सतरा वर्षांची.

"हिला दिसत न्हाई म्हणं," ते म्हणाले. "डोळ्यात फूल न्हाई, मोती न्हाई. भाताची लावणी मातुर वाकडी. आमची म्हस हिच्यापरीस सरळ चालती."

रांगेतल्या बाया हसल्या. प्रभावती पायाकडे बघत राहिली.

बाईंनी मला तिच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं आणि मी हादरले. माझी वर्तुळं अंड्यासारखी झाली होती, खालच्या बाजूला दाटून ओघळलेली. मला वाटलं, मीच कुठेतरी वाकले. बाईंनी मला कुशाबांच्या डोळ्यासमोर धरलं. तिथे सगळी गोल. पुन्हा तिच्या डोळ्यासमोर. पुन्हा अंडं. डाव्या डोळ्याने तिने तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली होती, पण तिथेही खालची वर्तुळं नुकतीच कलू लागली होती.

"डोळे चोळतेस का गं?" बाईंनी विचारलं.

"व्हय. राब भाजताना, शेतात पाला-कवळं जाळताना धूर जातो. मग लई खाजतंय."

"धूर समद्यांच्याच डोळ्यात जातो," कुशाबा म्हणाले.

बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

त्यांनी मला पोरीच्या उजव्या डोळ्यासमोर धरून भोकाला डोळा लावला. मग मला बाजूला करून तो डोळा नुसताच निरखला आणि पुन्हा भोकातून पाहिलं.

"बाई, ह्यो असा कशानं झाला?"

"पडदा पातळ होऊन पुढे टोकदार येतोय. चोळून आणखी बिघडतो. उजव्यासाठी पुण्याहून बुबुळावर बसवायचं भिंग आणू. डावा वेळेत कळलाय. पण चोळणं थांबलं नाही, तर तोही असाच जाईल."

"म्हंजी पोर खोटं बोलत नव्हती," कुशाबा हळूच म्हणाले.

प्रभावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हात सवयीने वर गेला. कुशाबांनी तो मनगटाशीच धरला.

"चोळू नगंस, बाय," ते म्हणाले. "व्हाऊ दे."

आता दवाखान्यात नवं यंत्र आहे आणि मी कपाटात. उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. तरी मित्रांनो, डोळा खाजला तर चोळू नका, दाखवा. आणि घरातलं कुणी नीट दिसत नाही म्हणालं, तर डोळा वरून स्वच्छ आहे एवढ्यावर त्याला खोटं ठरवू नका.